राखीसोबतची वॉटरकलर कार्डं बिघडली, ठेवू का फेकू?

निंबाची_सावली :

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न समजणार नाही.

आमच्या बचत गटात यंदा असं ठरलं की राखीच्या पाकिटात बाजारातलं छापील कार्ड नाही टाकायचं, मी हातानं रंगवलेलं टाकायचं. मला शाळेपासून वॉटरकलरची आवड, चित्रकलेच्या इंटरमिजिएटपर्यंत परीक्षा दिल्या, मग लग्न झालं अन् पंधरा वर्षं ब्रशला हात नाही लागला, आता दोन वर्षांपासून पुन्हा सुरू केलं. आम्ही बारा जणी, सगळ्यांचे भाऊ मिळून २४ कार्डं. एकेकीला विचारलं काय काढू, मला वाटलं फुलं सांगतील, राखी सांगतील, पण सगळ्यांनी माहेर सांगितलं. कोणाला दारातला निंब, कोणाला विहीर, एका काकूंना ओसरीतली बंगई (झोपाळा) अन् मागची निळसर चुन्याची भिंत, एकीला तिच्या बाबांची बंडी पायजे, तीही बैल सोडून उभी केलेली, जू खाली टेकवलेलं. सांगताना दोघींचे डोळे भरले. म्हणून मला हे काम फार नीट करायचं होतं.

कागद यवतमाळवरून आणला, ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड, २२ बाय ३० इंचाच्या दोन शीट. एका शीटमधून साडेपाच बाय साडेसातचे १६ तुकडे निघतात, म्हणजे ३२. आठ जास्तीचे होते ते पहिल्या चार दिवसातच गेले. आता २४ पूर्ण झालीत पण त्यातली ११ बिघडलेली आहेत अन् नवीन कागद आणायला पुन्हा यवतमाळला जावं लागते, एक दिवस मोडते अन् सध्या निंदणाचे दिवस आहेत.

काय काय बिघडलं ते सांगते. बंगईच्या कार्डावर भिंतीचा निळा वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात) दिला होता, अर्धा वाळला अन् पत्र्याच्या सांधीतून पावसाचा एक थेंब बरोबर त्यावर पडला, आता तिथं फुलकोबीसारखा डाग आहे अन् कडा गडद झाली. तीन निंबांची पानं मातकट झाली, हिरवा राहिलाच नाही. चार कार्डं पोहा भाजल्यासारखी वाकली. एकाची कड मास्किंग टेप काढताना उखडली. एकावर जेल पेननं लिहिलेली अक्षरं फुटली. अन् शेवटचं म्हणजे एका कार्डावर मी रक्षाबंधनचा अनुस्वार ब वर द्यायचा तो ध वर दिला, चार वेळा पाहिलं तरी दिसला नाही, माझ्या पोरीनं दाखवला.

घरचे म्हणतात फेक अन् छापील आण. बाया म्हणतात छानच आहे, पण त्या मला वाईट वाटू नये म्हणून म्हणत असतील. हातानं केलेलं आहे, चुका चालतात, असं सगळे म्हणतात. पण कोणत्या चालतात? सगळ्याच का? हे मला कोणी नीट सांगा.

जुने_ड्रॉइंग_सर :

ताई, आधी एकही फेकू नका. मी आर्वीकडचा, २८ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता रिटायर आहो. तुमचं वाचून लगेच लिहायला बसलो.

तुमच्या भिंतीवर झालं त्याला बॅकरन म्हणतात, ब्लूमही म्हणतात, आणि आमच्या वर्गातली पोरंही फुलकोबीच म्हणायची. होते असं की वॉश अर्धा वाळलेला असते, वरची चमक गेलेली असते पण कागदाच्या आत ओल असते, अशा वेळी वरून जास्त पाणी पडलं की ते पाणी आजूबाजूच्या कमी ओल्या भागाकडं पसरत जाते, जाताना रंगाचे कण ढकलत नेते, अन् जिथं त्याचा जोर संपते तिथं कण साचून ती दातेरी कडा तयार होते. म्हणजे वॉश पूर्ण ओला असता तर थेंब विरघळून गेला असता, पूर्ण वाळला असता तर टिपून घेता आला असता. मधल्या अवस्थेतच हे होते. अन् ही मधली अवस्था आषाढात लय लांबते, हवेतच पाणी असते. मे महिन्यात आपल्याकडं ४५ च्या पुढं पारा गेला की उलटं, ब्रश या टोकावरून त्या टोकाला जाईपर्यंत वॉश वाळून पट्टे पडतात. तुमचा हात बिघडला नाही ताई, हवा बदलली.

आता तो डाग काढता येईल का, तर रंगावर अवलंबून आहे. भिंतीला अल्ट्रामरीन वापरला असेल तर ओल्या स्वच्छ ब्रशनं कडा हळूच भिजवा अन् टिश्यूनं टिपा, पुष्कळसा उचलला जाते, कारण त्याचे कण कागदाच्या वर बसतात. थॅलो ब्लू असेल तर हातच लावू नका, तो धाग्यात शिरते, निघत नाही, कागद मात्र खराब होते. (आपल्या घरच्या चुन्यात टाकायची नीळ, तीही अल्ट्रामरीनच बरं. म्हणून त्या भिंतीचा निळा तुम्हाला बरोबर सापडला असेल.) पण मी तुमच्या जागी असतो तर डाग ठेवला असता. जुन्या चुन्याच्या भिंतीला ओल आली की ती अशीच दिसते, दातेरी कडेची. मुद्दाम काढायला बसलो तरी मला तशी जमली नसती.

निंबाचं मातकट का झालं ते ट्यूबमध्ये आहे. तयार हिरव्यात तुम्ही तपकिरी नाहीतर लाल मिसळला असेल, सावली आणायला. तीन-चार रंगद्रव्यं एकत्र आली, त्यात लाल अन् हिरवा एकमेकांना मारतात, की चिखलच होते. पुढच्या वेळी हिरवा घरीच करा, पिवळा अन् अल्ट्रामरीन, दोनच. सावलीला त्याच हिरव्यात निळा वाढवा. पण झाले ते निंब वाईट नाहीत, चैत्राच्या आधीचे निंब तसेच असतात, धुळीचे. पूर्ण वाळल्यावर वरून तीन-चार ठिकाणी ताज्या पोपटी रंगाची पानं द्या, थोडीच, मग मागचं मातकट सावलीसारखं मागं जाते.

वाकलेली कार्डं सगळ्यात सोपी. कागदाचे धागे पाणी पिऊन फुगतात, एकाच बाजूनं फुगले की कागद वाकते. कार्डाची मागची बाजू ओल्या फडक्यानं नुसती दमट करा, दोन कोऱ्या कागदांच्या मधात ठेवा, वर पाट अन् पाटावर ज्वारीचा डबा. रात्रभर. सकाळी सरळ. पुढच्या वेळी रंगवायच्या आधीच दोन्ही बाजूंनी भिजवून फळीला चिकटपट्टीनं ताणून घ्या.

वाळलं की नाही ते डोळ्यानं नाही कळत, हाताच्या मागच्या बाजूनं कळते. कागद गार लागला म्हणजे आत ओल आहे. जेल पेनची अक्षरं त्याच्यामुळंच फुटली.

एक सांगतो, माझ्या मनात राहून गेलेली गोष्ट आहे. ग्रेड परीक्षेच्या सरावाला एका पोराने पोळ्याचं चित्र काढलं होतं, स्मरणचित्र. बैलांच्या पायाशी त्याचं पाण्याचं भांडं सांडलं. तो घाबरला अन् रुमालानं घासत सुटला, घासून घासून कागदाचं भोक पाडलं. मी त्याच्यावर ओरडलो. तसंच वाळू दिलं असतं तर पोळ्याचा चिखल झाला असता, श्रावणातला, अगदी खरा. हे मला त्या वेळी सुचलं नाही, पोरगा गेल्यावर सुचलं. म्हणून म्हणतो, सांडलं की आधी हात मागं घ्यायचा अन् पूर्ण वाळू द्यायचं. काय करायचं ते नंतर.

खारपाण_पट्टा :

सरांनी तंत्राचं सगळं सांगितलं, मी थोडं वेगळं म्हणते, राग नका मानू.

मी दर्यापूरकडची, सहा-सात वर्षांपासून कार्डं करून बचत गटाच्या प्रदर्शनात विकते. चुका चालतात हे मला पूर्ण मान्य नाही. पाण्यानं केलेली गोष्ट वेगळी अन् आपण लक्ष न दिल्यानं झालेली वेगळी. थेंब पडला, रंग पळाला, कडा फुटली, हे पाण्याचं आहे, ते ठेवावं. पण अनुस्वार चुकला, नाव चुकलं, कार्ड वाकडं कापलं, घडी तिरपी गेली, हे आपलं आहे, हे दुरुस्त करूनच द्यावं. मग ते पैसे घेऊन असो की मायेनं असो. भावाच्या हातात जाणार आहे ते. माझ्याकडून एकदा एका आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या कार्डावर आडनावाचा काना राहिला होता अन् मी हँडमेड आहे म्हणून तसंच दिलं. त्यांनी काही म्हटलं नाही, पण ते कार्ड त्यांनी टेबलावर उलटं ठेवलं. तेव्हापासून अक्षरं मी वेगळ्या पट्टीवर लिहिते, वाळली की दुसऱ्याला वाचायला देते, मग कार्डावर चिकटवते. पट्टी चुकली तर पट्टीच जाते, चित्र नाही जात. तुम्ही पण त्या अनुस्वारावर पट्टी चिकटवा, त्याच कागदाची, कडा फाडून घ्या म्हणजे लावल्यासारखी नाही दिसत. फाडायची रेघ आधी ओल्या ब्रशनं भिजवली तर मऊ कड येते.

उखडलेल्या कडेला पुन्हा रंग लावू नका, तिथली खळ, म्हणजे रंग लगेच आत शिरू न देणारा कागदाचा लेप, निघून गेली असते, रंग जास्त पिते अन् काळपट होते. तिथं काहीतरी खरबरीत येऊ द्या, खोड, भिंतीचा पोपडा, नाहीतर तेवढा भाग कापा. पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे करा, चित्रावर ठेवून पुढंमागं सरकवा, चौकट लहान-मोठी होते. बिघडलेल्या चित्रात बरेचदा दोन इंचाचं एक सुंदर चित्र लपलेलं असते. ते कापून कोऱ्या कार्डावर लावायचं. माझी सगळ्यात जास्त विकली जाणारी कार्डं अशीच होतात.

अजून एक, पाणी. आमचा खारपाणपट्टा, पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारट, त्यानं रंगवलं की वाळल्यावर पांढुरकी झाक येते अन् रंग दाणेदार बसते. सुरुवातीला मी रंगालाच दोष दिला. आता पावसाळ्यात पत्र्याचं पहिलं पाणी जाऊ देते, नंतरचं गाळून बाटल्यांत भरून ठेवते, वर्षभर तेच. तुमच्याकडं कसं पाणी आहे ते बघा एकदा.

(मीठ मात्र मी मुद्दाम वापरते. ओल्या वॉशवर खडेमिठाचे चार दाणे टाकले की ते भोवतालचं पाणी ओढतात अन् चांदण्यांसारखे डाग पडतात. कोजागिरीच्या कार्डांना लय शोभते. वाळल्यावर मीठ झटकून टाकायचं, नाहीतर दमट हवेत ते पुन्हा पाणी धरते.)

वरुडचा_दादा :

मला चित्रातलं काही कळत नाही पण घेणाऱ्याच्या बाजूनं लिहितो. आमचं गाव वरुडकडं, संत्र्याचा बगीचा, मी कंपनीत आहे पुण्याला. माझी बहीण दरवर्षी राखी पाठवते. एका वर्षी तिने स्वतः कार्ड काढून पाठवलं, बगीच्यातलं झाड, अन् संत्री सगळी एकमेकांत पळालेली, एक संत्रा वेगळा दिसत नाही, नुसता नारिंगी ढग. खाली कोपऱ्यात भाचीचा अंगठा उमटलेला, त्याच नारिंगी रंगाचा, इतकुसा. बहिणीनं त्याच्याबद्दल माफी मागितली होती पत्रात. त्याच्या आधीची अन् नंतरची छापील कार्डं कुठं गेली मला माहीत नाही, तीन खोल्या बदलल्या. हे कार्ड तिन्ही खोल्यांत सोबत आलं. भाची आता दहावीला आहे, त्या अंगठ्यावर तिचा आताचा अंगठा ठेवून पाहिला आम्ही मागच्या दिवाळीत.

तुम्ही पाठवा ताई. तुमच्या गावच्या बायांच्या भावांना बंडी दिसली पाहिजे, ते टेपनं उखडलेलं नाही बघत कोणी.

कपाशीफूल :

खारपाण ताईंचं पटलं. मी अजून एक भर घालते, आजकाल व्हिडिओंमध्ये मुद्दाम शिंतोडे उडवतात, मुद्दाम कडा जाळतात, की हँडमेड वाटलं पाहिजे. मला ते अजिबात आवडत नाही. मुद्दाम केलेला डाग सगळ्या कार्डांवर एकाच जागी असते, लगेच ओळखू येते. तुमचा थेंब एकाच कार्डावर आहे, पुन्हा होणार नाही.

कागदाबद्दल सांगायचं होतं. चांगला वॉटरकलर कागद १०० टक्के कॉटनचा असते, म्हणजे आपल्याच पिकाचा. लाकडाच्या लगद्याचा कागद घासला की लवकर उखडते, कॉटनचा धागा लांब असते म्हणून तो पाणी जास्त वेळ धरते, दोन-तीन वॉश सहन करते. चुका सुधारता येतील की नाही हे अर्ध कागदावरच ठरते. तुमचा कागद टेपनं उखडला म्हणजे बहुतेक तो कॉटनचा नसावा, पुढच्या वेळी विचारून घ्या. अन् टेप लावायच्या आधी दोन-तीनदा कपड्याला चिकटवून काढा, गोंद कमी होते, मग काढताना कागदालगत आडवी ओढा, वर नाही.

मी वर्ध्याची, म्हणून हाताच्या कागदाचं जास्त वाटते. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये इथंच मगनवाडीत सुरू झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत, अन् तेलघाणी, मधमाश्या यांच्यासोबत हातकागदाचंही काम तिथं चाले. मगन संग्रहालयात गेलात तर ते सगळं डोळ्यासमोर येते. हातकागदाची एक शीट दुसरीसारखी नसते, कुठं धागा जाड, कुठं कड वेडीवाकडी, अन् तो कागद हातात घेतला की त्यावर चित्र पण सरळसोट काढावंसं नाही वाटत. फक्त एक, साध्या हातकागदाला खळ कमी असेल तर रंग टीपकागदासारखा आत ओढला जाते, म्हणून आधी एका तुकड्यावर थेंब टाकून बघा.

निंबाची_सावली :

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस लिहिता नाही आलं, निंदणाला जात होती, रात्री कार्डं करत होती. काय काय झालं ते सांगते.

वाकलेली चारही ज्वारीच्या डब्याखाली सरळ झाली. निंबांवर पोपटी पानं दिली, दोन छान झाले, तिसऱ्यात मी जास्तच दिली, तो आता निंब कमी अन् बाभूळ जास्त वाटते, पण ज्या वहिनीचं कार्ड आहे तिला विचारलं तर ती म्हणते आमच्या धुऱ्यावर बाभूळ पण आहे, राहू दे. अनुस्वारावर पट्टी चिकटवली, पोरीकडून दोनदा वाचून घेतली. फुटलेल्या अक्षरांवर पण पट्टीच. खारपाण ताई, तुमचं ते पाण्याचं अन् आपलं वेगळं करायचं, ते मी वहीत लिहून ठेवलं. मला हेच पायजे होतं.

सर, एक विचारायचं होतं. पोस्टात जाताना पाऊस लागला तर रंग पळेल का? वॉटरकलर वाळला तरी पुन्हा ओला होते ना?

जुने_ड्रॉइंग_सर :

हो ताई, पळेल. वॉटरकलरमध्ये रंगाला धरून ठेवणारा असते तो डिंक, बाभळीच्या कुळातल्या झाडाचा, लाडवात टाकतो त्याच जातीचा, अन् डिंक पाण्यात विरघळतेच. म्हणून पाकिटाच्या आत पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला, पण कार्ड पूर्ण वाळल्याशिवाय नाही, नाहीतर आतल्या आत बुरशी धरते. दोन दिवस कोरड्या खोलीत उघडं ठेवा, चुलीजवळ नको, धूर लागते. वजनाची चिंता नको, तुमच्या मापाचं कार्ड ३०० जीएसएममध्ये जवळपास आठ ग्रॅम भरते, पाकीट अन् राखी धरून २० ग्रॅमच्या आत बसेल, फक्त राखी जाड मण्यांची असेल तर पोस्टाच्या काट्यावर टाकून घ्या. घडीची रेघ संपलेल्या रिफिलनं पट्टी लावून दाबून घेतली ना? नाहीतर जाड कागद घडीवर फुटते.

निंबाची_सावली :

घेतली सर. आज सगळी वाळली, पिशव्या घातल्या.

बंगईच्या कार्डाचं राहिलं सांगायचं. डाग तसाच ठेवला होता, पण द्यायच्या आधी काकूंना दाखवावं म्हणून घेऊन गेली, समजावून सांगायची तयारी करूनच गेली होती की काकू हे असं असं झालं, पत्र्यातून थेंब पडला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं अन् म्हणाल्या, "व तुले कसं माहीत? आमच्या घरचा हाच कोपरा गळे. माय तिथं गंज ठेवे रातभर." (गंज म्हणजे आमच्याकडं पातेलं.) मला काय बोलावं सुचलं नाही. मग त्याच म्हणाल्या, गंज काढून दे त्याच्याखाली, भावाले लगेच आठवन, तोच उठून रिकामा करे. बंगईच्या पायाशी जागा फार कमी होती, शून्य नंबरच्या ब्रशनं काढला, पितळेचा दिसावा म्हणून पिवळ्यात थोडा तपकिरी घेतला, अर्धा बंगईमागं लपला आहे. तो वाळला की शेवटचं पाकीट बंद करते, उद्या सकाळच्या गाडीनं दारव्ह्याला पोस्टात नेते.